व्हीपीएन जोडले जात नाही, किंवा जोडूनही कार्यालयाचे काही उघडत नाही: काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

एका उत्पादन कंपनीचे नेटवर्क मी अनेक वर्षे सांभाळतो आहे. कारखाना चाकणला आहे, आणि हिशेब, खरेदी व आरेखन विभागांतील बरेच सहकारी पुणे, सातारा, नाशिक अशा ठिकाणांहून घरी बसून काम करतात. त्यासाठी ते व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंत जाणारी सुरक्षित जोडणी, वापरतात. त्यांच्याकडून येणारी तक्रार जवळजवळ नेहमी एकाच वाक्यात असते: ‘व्हीपीएन चालत नाही.’ या एका वाक्यामागे निरनिराळे बिघाड असतात आणि त्यांचे उपायही वेगवेगळे असतात. बिघाड कोणता हे न पाहता बहुतेक जण सर्वप्रथम व्हीपीएनचे सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवतात. हा उपाय सर्वांत कमी वेळा लागू पडतो आणि त्यात वेळ सर्वांत जास्त जातो, कारण त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात आणि कार्यालयाने दिलेली जोडणीची फाइलही पुन्हा मिळवावी लागते. म्हणून खाली दिलेला क्रम फुकट आणि सोप्या तपासण्यांपासून सुरू होतो. तो शक्यतो मोडू नये.

लक्षणे

पहिल्या गटात जोडणी होतच नाही. बटण दाबल्यावर चक्र फिरत राहते आणि काही वेळाने सर्व्हर उत्तर देत नाही असा संदेश येतो. विंडोजमधील अंगभूत व्हीपीएन वापरत असाल तर येथे बहुधा ८०९ हा क्रमांक दिसतो. ८६८ दिसला तर सर्व्हरच्या नावाचा पत्ताच सापडलेला नाही असे समजावे.

दुसऱ्या गटात लॅपटॉप सर्व्हरपर्यंत पोहोचतो, पण तेथे ओळख नाकारली जाते. विंडोजचा ६९१ हा क्रमांक वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड जुळत नसल्याचा असतो, तर १३८०१ हा प्रमाणपत्राशी, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याशी, संबंधित असतो. ओटीपी चुकीचा असल्याचा संदेश येणे, किंवा मोबाइलवर मंजुरीची सूचनाच न येणे, हेही याच गटात मोडते.

तिसरा गट सर्वांत फसवा आहे. व्हीपीएन जोडले गेल्याचे हिरवे चिन्ह दिसते, परंतु शेअर ड्राइव्ह (कार्यालयातील सामायिक फोल्डर) उघडत नाही, टॅली किंवा ईआरपी (कंपनीच्या व्यवहारांचे सॉफ्टवेअर) सर्व्हर सापडत नाही, रिमोट डेस्कटॉपचा पडदा काळाच राहतो, किंवा फोल्डरची यादी दिसते पण त्यातील फाइल उतरवताना सगळे ठप्प होते.

चौथ्या गटात सर्व काही चालते, पण जोडणी दर काही मिनिटांनी किंवा तासाभराने तुटते.

आपला गट कोणता हे आधी ठरवावे आणि पडद्यावरचा संदेश क्रमांकासह शब्दशः लिहून ठेवावा. ‘काहीतरी एरर आली’ एवढ्या माहितीवर कोणालाही नेमकी मदत करता येत नाही.

इंटरनेट खरोखर आहे का

वायफायचे चिन्ह दिसणे म्हणजे लॅपटॉप राउटरला जोडलेला असणे, एवढेच. राउटरच्या पलीकडे इंटरनेट आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे व्हीपीएन बंद करून ब्राउझरमध्ये असे एखादे संकेतस्थळ उघडावे जे आपण एरवी उघडत नाही. नेहमीच्या संकेतस्थळांची पाने काही वेळा ब्राउझरने साठवलेल्या प्रतीतून दिसतात आणि आपली फसगत होते.

हॉटेल, रुग्णालय, रेल्वे स्थानक किंवा विमानतळ अशा ठिकाणच्या वायफायवर आधी एक पान उघडून मोबाइल क्रमांक आणि ओटीपी द्यावा लागतो. तो टप्पा पूर्ण होईपर्यंत बाहेर काहीच जात नाही, आणि व्हीपीएनचे सॉफ्टवेअर मात्र ‘सर्व्हर सापडत नाही’ एवढेच सांगत राहते. काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर व्हीपीएनखेरीज कोणतीही वाहतूक बाहेर जाऊ न देण्याचा नियम लावलेला असतो, आणि त्यामुळे ओटीपीचे पानही उघडत नाही. हा नियम सुरक्षेसाठी मुद्दाम लावलेला असतो, तेव्हा तो चुकवण्याच्या वाटा शोधू नयेत. अशा ठिकाणी स्वतःच्या मोबाइलचे हॉटस्पॉट वापरावे.

त्यानंतर एखाद्या सहकाऱ्याला विचारावे की त्याचे व्हीपीएन चालू आहे का. या तपासणीला एक फोन पुरतो, तरी लोक ती सर्वांत शेवटी करतात. कोणाचेच चालत नसेल तर दोष कार्यालयाच्या बाजूला आहे: तेथील वीज गेली असेल, इंटरनेटची लाइन तुटली असेल, किंवा फायरवॉलवरील (येणारी-जाणारी वाहतूक गाळणाऱ्या यंत्रणेवरील) प्रमाणपत्राची मुदत संपली असेल. मुदत संपल्यावर सगळ्यांच्या जोडण्या एकाच वेळी नाकारल्या जाऊ लागतात. अशा वेळी आपल्या लॅपटॉपवर काहीही बदलू नये, फक्त कार्यालयाला कळवावे.

विजेचाही येथे संबंध आहे. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणात राउटर पुन्हा सुरू होतो, पण लॅपटॉप बॅटरीवर असल्याने त्याला काहीच जाणवत नाही. राउटरला सेवादात्याकडून नवा पत्ता मिळू शकतो, जुनी जोडणी मृत होते, आणि सॉफ्टवेअर मात्र काही काळ ‘जोडलेले आहे’ असेच दाखवत राहते. लॅपटॉपचे झाकण मिटून तासाभराने उघडल्यावरही हेच घडते. दोन्ही प्रसंगी जोडणी स्वतःहून तोडावी, अर्धा मिनिट थांबावे आणि मग पुन्हा जोडावे. मध्ये थांबण्याचे कारण असे की कार्यालयाच्या सर्व्हरवर आपले जुने सत्र अजून जिवंत असू शकते, आणि एका व्यक्तीला एकच सत्र अशी मर्यादा असेल तर नवी जोडणी नाकारली जाते.

घड्याळ, पासवर्ड आणि ओटीपी

ओळख नाकारली जात असेल तर पासवर्डच्या आधी घड्याळ पाहावे. प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. लॅपटॉपचे घड्याळ मागे गेले असेल तर वैध प्रमाणपत्रही त्याला ‘अजून लागू न झालेले’ वाटते आणि जोडणी तेथेच थांबते. मोबाइल अॅपमधील ओटीपी बहुधा वेळेवरूनच काढला जातो आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो, त्यामुळे मोबाइलचे घड्याळ थोडे जरी हाताने मागेपुढे केलेले असले तरी बरोबर दिसणारा ओटीपी चुकीचा ठरतो. शिवाय विंडोज डोमेनमधील (कार्यालयाची सर्व खाती एकत्र सांभाळणाऱ्या रचनेतील) ओळख पटवण्याची व्यवस्था घड्याळांत मूलतः ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही, म्हणजे व्हीपीएन जोडले गेले तरी शेअर ड्राइव्ह नाकारला जाऊ शकतो. लॅपटॉप आणि मोबाइल या दोन्हींवर वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करावी आणि टाइम झोन भारताचाच आहे याची खात्री करावी. लॅपटॉप बंद करून सुरू केल्यावर घड्याळ दर वेळी जुन्या तारखेवर जात असेल, तर जुन्या यंत्रांत मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. ती दुरुस्ती करणाऱ्याकडून बदलून घ्यावी.

पासवर्डच्या बाबतीत एक प्रकार इतक्या वेळा आढळतो की तो सविस्तर सांगायला हवा. पासवर्डची मुदत संपते आणि आपण तो घरी असताना वेबमेलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून बदलतो. कार्यालयाच्या सर्व्हरला नवा पासवर्ड कळतो, पण घरातल्या लॅपटॉपला तो कळलेला नसतो, कारण लॅपटॉपने जुना पासवर्ड स्वतःजवळ जपून ठेवलेला असतो. अशा वेळी लॅपटॉप जुन्या पासवर्डने उघडावा, व्हीपीएनसाठी नवा पासवर्ड द्यावा, आणि जोडणी झाल्यावर विंडोजची कळ व एल एकत्र दाबून पडदा कुलूपबंद करून नव्या पासवर्डने पुन्हा उघडावा. यामुळे लॅपटॉपजवळची प्रत अद्ययावत होते. त्याच वेळी मोबाइलवरील मेल अॅपमधला जुना पासवर्डही बदलावा. ते अॅप पाठीमागे जुनाच पासवर्ड वारंवार पाठवत राहते, आणि त्यामुळे तुमची काहीही चूक नसताना खाते पुन्हा पुन्हा लॉक होते.

खाते लॉक झाल्याचा संदेश आला तर आणखी प्रयत्न करू नयेत. काही ठिकाणी चुकीच्या प्रयत्नांनी कुलपाची मुदत वाढते. आणि आपण जोडणीचा प्रयत्न करत नसताना मोबाइलवर मंजुरीची सूचना आली, तर ती नाकारून ताबडतोब कार्यालयाला कळवावे. आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती गेल्याचे ते लक्षण असू शकते.

मोबाइल हॉटस्पॉटची कसोटी

एवढ्याने काम झाले नाही तर पुढची तपासणी हॉटस्पॉटची. माझ्या मते संपूर्ण क्रमात हीच सर्वांत उपयुक्त आहे, कारण दोन-तीन मिनिटांत ती निम्म्या शक्यता बाद करते. घरचे वायफाय तोडून लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावा आणि व्हीपीएन चालू करून पाहावे. हॉटस्पॉटवर चालले तर लॅपटॉप, खाते आणि कार्यालय तिन्ही निर्दोष आहेत आणि बिघाड घरच्या राउटरमध्ये किंवा सेवादात्याच्या मार्गात आहे. दोन्हीकडे तोच संदेश आला तर राउटरला हात लावण्याचे कारण नाही. दोष लॅपटॉपमध्ये किंवा खात्यात शोधावा.

हॉटस्पॉटवर जोडले जाते आणि घरी जोडलेच जात नाही, याचे कारण बहुधा पोर्टमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या क्रमांक दिलेल्या दारांमध्ये, असते. आयपीसेक, ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड हे व्हीपीएनचे प्रकार आहेत, तर यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती. आयपीसेकवर आधारलेल्या जोडणीला यूडीपीची ५०० आणि ४५०० ही पोर्ट लागतात, ओपनव्हीपीएन सहसा ११९४ वापरते, वायरगार्ड सहसा ५१८२०. एखाद्या राउटरचे फायरवॉल, वसतिगृहाचे किंवा हॉटेलचे नेटवर्क यांपैकी काही अडवत असेल तर जोडणी सुरूच होत नाही. याउलट टीसीपी ४४३ वरून चालणारे व्हीपीएन जवळपास सर्वत्र चालते, कारण तेच पोर्ट साध्या सुरक्षित संकेतस्थळांसाठी वापरले जाते आणि ते अडवले तर इंटरनेटच उरत नाही. म्हणून कार्यालयाला स्पष्ट विचारावे की ४४३ वरून जोडण्याचा पर्याय उपलब्ध आहे का. कार्यालय अजूनही पीपीटीपी ही व्हीपीएनची जुनी पद्धत वापरत असेल तर तिची दुरुस्ती करत बसू नये, ती बदलण्याचा आग्रह धरावा. ही पद्धत असुरक्षित ठरली आहे आणि ॲपलने २०१६ मध्येच आयओएस १० आणि मॅकओएस सिएरामधून ती काढून टाकली.

एकाच घरातील दोघे एकाच कंपनीत असतील, पती-पत्नी किंवा खोली वाटून घेणारे मित्र, आणि व्हीपीएन एलटूटीपी या प्रकारचे (आयपीसेकवरच आधारलेले) असेल, तर एकाचे जोडले की दुसऱ्याचे तुटते असा अनुभव येऊ शकतो. एका राउटरमागून एकाच सर्व्हरकडे अशा दोन जोडण्या गेल्यावर कोणते उत्तर कोणाचे हे ठरवण्यात गोंधळ होतो. तात्पुरता उपाय म्हणजे एकाने हॉटस्पॉट वापरणे; कायमचा उपाय म्हणजे कार्यालयाने व्हीपीएनचा प्रकार बदलणे.

इंटरनेटवर शोधल्यावर ‘राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करा’ असा सल्ला हमखास मिळतो. घरून कार्यालयाकडे जाणाऱ्या जोडणीला त्याची गरज नसते, कारण जोडणी आतून बाहेर जाते आणि तिचे उत्तर परत आणण्याची नोंद राउटर स्वतः ठेवतो. पोर्ट फॉरवर्ड केल्याने घरचे नेटवर्क मात्र बाहेरच्यांसाठी उघडे होते. जोडणीच होत नसताना राउटरवर करण्यासारख्या गोष्टी दोनच: तो बंद करून सुरू करणे आणि त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे.

लॅपटॉपवरील इतर व्हीपीएन आणि अँटिव्हायरस

दोष लॅपटॉपमध्ये असल्याचे कळले तर आधी दुसरे एखादे व्हीपीएन बसवलेले आहे का ते पाहावे. चित्रपट पाहण्यासाठी घेतलेले फुकट व्हीपीएन, ब्राउझरमधील विस्तार, अँटिव्हायरसबरोबर आलेले व्हीपीएन, आधीच्या नोकरीतील सॉफ्टवेअर, यांपैकी प्रत्येक जण वाहतूक आपल्याकडे वळवू पाहतो. अशी सॉफ्टवेअर नुसती बंद करून भागतेच असे नाही, कारण त्यांची आभासी नेटवर्क कार्डे मागे राहतात. ती रीतसर काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. फुकट व्हीपीएन तर कार्यालयीन कामाच्या लॅपटॉपवर असूच नये, कारण आपली सगळी वाहतूक एका अनोळखी मध्यस्थाच्या हातून जाते.

अँटिव्हायरसचे वेब संरक्षणही काही वेळा सुरक्षित जोडणीच्या मध्ये येते. लॅपटॉप स्वतःचा असेल तर ते काही मिनिटांपुरते बंद करून पाहावे आणि लगेच चालू करावे. लॅपटॉप कंपनीचा असेल तर ते बंद करण्याचा अधिकार आपला नाही. तेथे फक्त कळवावे.

जोडले गेले, पण काहीच उघडत नाही

या गटासाठी थोडा संयम लागतो, पण कारणे मुख्यतः तीनच आहेत आणि ती एकमेकांपासून स्वच्छ वेगळी करता येतात. येथे विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टचा (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीचा) उपयोग होतो. खाली आज्ञांचा उच्चार दिला आहे, टाइप मात्र त्या इंग्रजी लिपीतच करायच्या आहेत.

पहिले कारण नावांचे. कार्यालयातील सर्व्हरला एक नाव असते आणि एक आकडी पत्ता असतो. नावावरून पत्ता सांगण्याचे काम डीएनएस करते, आणि कार्यालयातील आतली नावे फक्त कार्यालयाच्याच डीएनएसला ठाऊक असतात. तपासणी सोपी आहे: सर्व्हरचा आकडी पत्ता सहकाऱ्याकडून घ्यावा आणि शेअर ड्राइव्ह नावाऐवजी त्या पत्त्याने उघडून पाहावा. पत्त्याने उघडला आणि नावाने उघडला नाही तर व्हीपीएन पूर्णपणे ठीक आहे आणि दोष डीएनएसमध्ये आहे. बऱ्याचदा कोणीतरी इंटरनेट वेगवान व्हावे म्हणून वायफायच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असे सार्वजनिक डीएनएस हाताने भरून ठेवलेले असते. ते काढून ‘आपोआप’ करावे, ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘फ्लशडीएनएस’ या पर्यायासह चालवून जुन्या नोंदी पुसाव्यात आणि व्हीपीएन पुन्हा जोडावे. फक्त ब्राउझरमधली कार्यालयीन पाने उघडत नसतील आणि शेअर ड्राइव्ह चालत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमधील ‘सुरक्षित डीएनएस’ ही सोय पाहावी. ती चालू असताना ब्राउझर लॅपटॉपच्या डीएनएसला न विचारता थेट बाहेरच्या सेवेला विचारतो.

दुसरे कारण पत्त्यांच्या टकरीचे, आणि घरून काम करणाऱ्यांत ते फार आढळते. १०, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ यांनी सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ पासून हाच नियम आहे आणि जगातील कोणीही ते आपल्या घरात किंवा कार्यालयात वापरू शकतो. त्यामुळे असंख्य राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात, आणि असंख्य लहान कंपन्यांनीही सुरुवातीला तोच पट्टा (एका नेटवर्कच्या सलग पत्त्यांचा गट) तसाच ठेवलेला असतो. ‘गांधी चौक’ एवढाच पत्ता लिहिलेले पत्र ज्या गावात पेटीत टाकले त्याच गावच्या गांधी चौकात जाईल, तसेच येथे घडते: कार्यालयाचा सर्व्हर १९२.१६८.१.१० वर असेल आणि घरचे नेटवर्कही १९२.१६८.१ चे असेल, तर लॅपटॉप त्या सर्व्हरला घरातच शोधतो आणि मागणी व्हीपीएनच्या मार्गाला लागतच नाही.

हे ओळखण्यासाठी व्हीपीएन जोडलेले असताना ‘आयपीकॉन्फिग’ चालवावे. वायफाय कार्डाचा पत्ता आणि कार्यालयातील सर्व्हरचा पत्ता यांचे पहिले तीन आकडे सारखे असतील तर टक्कर आहे. हॉटस्पॉटवर सगळे सुरळीत चालते पण घरी जोडले जाऊनही काही उघडत नाही, हेही याचेच ठळक लक्षण आहे, कारण मोबाइलचा पत्त्यांचा पट्टा वेगळा असतो. आयफोनच्या हॉटस्पॉटचा तर १७२.२०.१० असतो. उपाय घरच्या राउटरवर करावा. त्याच्या लॅन (घरातील नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये जाऊन १९२.१६८.७३.१ असा सहसा कोणी न वापरणारा पट्टा द्यावा आणि राउटर पुन्हा सुरू करावा. घरातील बहुतेक उपकरणे नवे पत्ते आपोआप घेतात. ज्या प्रिंटरला किंवा सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला हाताने पत्ता दिलेला असेल त्याला मात्र नवा द्यावा लागतो, तेव्हा हे काम कामाच्या वेळेत करू नये. कार्यालयाचे नेटवर्क ज्यांच्या हाती आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की नवी मांडणी करताना १० च्या विस्तीर्ण पट्ट्यातून एखादा आडबाजूचा भाग निवडावा, म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरी हा प्रश्न उभा राहणार नाही.

संगणक अभियंत्यांच्या लॅपटॉपवर याचाच एक उपप्रकार दिसतो. डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यांत चालवण्याचे साधन) सहसा १७२.१७ चा पट्टा घेते, विंडोजमधील लिनक्सची सोयही अनेकदा १७२ चाच पट्टा उचलते, आणि कार्यालयाचे सर्व्हर त्याच पट्ट्यात असतील तर तेवढेच दिसेनासे होतात. येथे राउटरऐवजी त्या सॉफ्टवेअरचा पट्टा बदलावा.

तिसरे कारण पाकिटांच्या आकाराचे. नेटवर्कवरून माहिती तुकड्यांनी, म्हणजेच पाकिटांनी, जाते आणि एका तुकड्याची कमाल मर्यादा साधारणपणे १५०० बाइट असते. पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडण्याच्या) पद्धतीच्या ब्रॉडबँडवर ती १४९२ होते. व्हीपीएन प्रत्येक तुकड्याला स्वतःचे वेष्टन चढवते, त्यामुळे आतल्या माहितीसाठी जागा आणखी कमी होते. तुकडा मावत नसल्याचा निरोप परत यायला हवा, पण वाटेतील एखादे फायरवॉल तो निरोपच गिळून टाकते. मग लहान तुकडे जातात आणि मोठे निमूटपणे हरवतात. म्हणूनच फोल्डरची यादी दिसते पण फाइल उतरत नाही, लॉगिनचे पान दिसते पण पुढचे पान येत नाही.

तपासण्यासाठी व्हीपीएन जोडून ‘पिंग’ ही आज्ञा, तुकडे न करण्याचा ‘उणे एफ’ आणि आकार सांगणारा ‘उणे एल’ हे पर्याय घालून, कार्यालयातील सर्व्हरच्या पत्त्यावर पाठवावी. आकार १४७२ पासून सुरू करून दहा-दहाने कमी करत जावे. ज्या आकाराला प्रथम उत्तर येईल त्यात २८ मिळवले की त्या मार्गाची मर्यादा मिळते. सर्व्हर पिंगला उत्तरच देत नसेल तर ही तपासणी उपयोगी नाही. मिळालेला आकडा कार्यालयाला कळवावा. व्हीपीएनच्या जोडणीत तो एकदा बसवला की प्रश्न सुटतो, आणि ते बसवण्याचे काम प्रशासकाचे आहे.

वारंवार तुटणारी जोडणी

येथे सर्वप्रथम राउटरजवळ बसून, शक्य असल्यास केबल लावून पाहावे. व्हिडिओ पाहताना क्षणभराचा खंड जाणवत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. व्हीपीएनला तशी सवलत नसते. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधील, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढावी. सर्व लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. जोडणी दर वेळी अगदी ठरावीक अंतरानेच तुटत असेल, तर ती कार्यालयाने ठरवलेली सत्राची मुदत किंवा निष्क्रियतेची मर्यादा असते आणि आपल्या बाजूने काहीही करून ती बदलत नाही.

अपडेट आणि सॉफ्टवेअर पुन्हा बसवणे

कालपर्यंत चालत होते आणि विंडोज अपडेट झाल्यावर थांबले, ही शंका दर वेळी खरी नसते, पण ती निराधारही नाही. जानेवारी २०२२ च्या अपडेटनंतर विंडोजमधील एलटूटीपी प्रकारच्या जोडण्या तुटू लागल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्याच महिन्यात वेगळे दुरुस्ती अपडेट द्यावे लागले. एप्रिल २०२४ च्या अपडेटनेही व्हीपीएन जोडण्या बिघडल्या आणि दुरुस्ती मे महिन्यात आली. त्यामुळे अपडेटच्या इतिहासात तारीख पाहावी आणि त्याच दिवशी इतरांनाही त्रास सुरू झाला का ते विचारावे. सुरक्षेचे अपडेट स्वतःहून काढून टाकू नये.

सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्याची वेळ येथे येते, आधी नाही. जोडणी जवळजवळ पूर्ण होऊन अगदी शेवटच्या टप्प्यावर अडकत असेल, तर आभासी नेटवर्क कार्ड बिघडल्याची शक्यता असते आणि तेव्हा या उपायाला खरा अर्थ आहे. आधी जोडणीची फाइल किंवा सर्व्हरचा पत्ता हाताशी घ्यावा, सॉफ्टवेअर काढावे, लॅपटॉप पुन्हा सुरू करावा आणि कार्यालयाने दिलेल्या ठिकाणाहूनच नवी प्रत घ्यावी. विंडोजमधील ‘नेटवर्क रीसेट’ हा त्याही पुढचा टप्पा आहे. त्याने सगळी नेटवर्क कार्डे नव्याने बसतात आणि साठवलेले वायफाय पासवर्ड जाऊ शकतात.

कोठे थांबावे

प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही असा इशारा आला तर ‘तरीही पुढे जा’ हे बटण कधीही दाबू नये. आपल्या आणि कार्यालयाच्या मध्ये कोणी बसलेले असेल तर हाच एकमेव इशारा मिळतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या साठ्यात) बदल करण्यास, फायरवॉल कायमचे बंद करण्यास किंवा दूरस्थ नियंत्रणाचे अनोळखी अॅप बसवण्यास सांगणारा कोणताही उपाय स्वतः करू नये, तो सांगणारी व्यक्ती फोनवर स्वतःला आयटी विभागातील म्हणवत असली तरीही. फोन ठेवून कार्यालयाच्या ओळखीच्या क्रमांकावर आपण फोन करावा. खाते लॉक होणे, १३८०१ हा क्रमांक, पाकिटांच्या आकाराची दुरुस्ती, आणि दोन वेगवेगळ्या इंटरनेटवर तसाच राहणारा बिघाड ही कामे कार्यालयाच्या नेटवर्क विभागाची आहेत. घरच्या लाइनवरच पाकिटे गळत असतील तर सेवादात्याचा तंत्रज्ञ बोलवावा.

कळवताना संदेशाचा पूर्ण मजकूर आणि क्रमांक, प्रयत्नाची नेमकी वेळ, कोणत्या इंटरनेटवरून जोडले, हॉटस्पॉटवर काय झाले, सर्व्हर नावाने उघडतो की पत्त्याने, आणि वायफाय कार्डाचा पत्ता एवढे लिहावे. वेळ विशेष महत्त्वाची आहे, कारण सर्व्हरच्या नोंदवहीत तुमचा प्रयत्न त्यावरूनच सापडतो. तुमचा प्रयत्न तेथे नोंदलेलाच नसेल तर बिघाड वाटेत आहे हे पहिल्या मिनिटात कळते. पासवर्ड आणि ओटीपी मात्र त्या मेलमध्ये, फोनवर किंवा स्क्रीनशॉटमध्ये, कोणीही मागितला तरी देऊ नये.